कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याची गादी

काळा घोडा माहीत नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत शोधूनही सापडणार नाही. रिक्षावाल्याला नुसते काळा घोडा म्हटले की तो सयाजीबागेच्या तोंडाशी आणून सोडतो. पण त्या घोड्यावर बसले आहे कोण, असे आम्ही लहान वर्गांत विचारले तेव्हा निम्म्या मुलांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव घेतले. उत्तर चुकले, तरी मुलांना फार दोष देता येणार नाही. घोडा आणि मराठा राजा म्हटल्यावर दुसरे कोण आठवणार? हा पुतळा महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांचा आहे. त्यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, १९०७ साली तो उभा राहिला.

मोठ्या वर्गातल्या एका मुलीने मात्र आम्हांलाच उलट प्रश्न केला. महाराजांना राजा कोणी केले? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. या वेळच्या चरित्रलेखात आम्ही त्याच प्रश्नाच्या मागे जाणार आहोत. महाराजांच्या कामांची यादी आपल्याकडे प्रत्येक जयंतीला वाचली जाते. ते राज्य करतात ते कोणाच्या अधिकाराने, हा प्रश्न त्यांना स्वतःला जन्मभर पुरला, त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

आधी थोडी पूर्वपीठिका. गायकवाड मूळचे पुणे प्रांतातल्या दावडीचे. सेनापती दाभाड्यांच्या हाताखाली दमाजीराव आणि त्यांचे पुतणे पिलाजीराव पुढे आले. पिलाजीरावांनी सोनगडला ठाणे केले, गुजरातेत चौथाई वसूल केली आणि १७३४ साली बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले. म्हणजे सुरुवातीचा अधिकार तलवारीचा, आणि त्यावर साताऱ्याच्या छत्रपतींच्या सनदेचा शिक्का. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारशी तह झाले आणि सनदेच्या जागी इंग्रजांचे संरक्षण आले. राजघराणे मराठी, सरदार मराठी, दरबारची भाषा मराठी, आणि प्रजा बहुतेक सगळी गुजराती. या व्यवस्थेत प्रजेला कोणी काही विचारल्याची नोंद नाही. त्या काळी ते कोणाच्या मनातही येत नसे.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव महाराज वारले. त्यांना मुलगा नव्हता. राणी जमनाबाई गरोदर होत्या, म्हणून काही महिने सगळे थांबले. १८७१ च्या जुलैत मुलगी झाली आणि गादी खंडेरावांचे धाकटे भाऊ मल्हारराव यांच्याकडे गेली. हेच मल्हारराव भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पाद्र्याच्या कैदेत होते. कैदेतून थेट गादीवर आलेला माणूस जुने हिशेब विसरत नाही. सरदारांचे पगार थकले, सावकार लुटले गेले, रयतेवर जुलूम झाला. १८७३ साली इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. सुधारण्यासाठी मुदत दिली. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले, पण त्यांना काम करता येईल अशी स्थिती ना महाराजांनी ठेवली ना रेसिडेंट कर्नल फेअर यांनी.

नोव्हेंबर १८७४ मध्ये फेअर साहेबांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली, आणि प्रकरण चिघळले. मल्हाररावांना जानेवारी १८७५ मध्ये अटक झाली. त्यांची चौकशी करायला सहा जणांचे मंडळ बसले. त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी गृहस्थ होते: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. निकाल बरोबर मधोमध फुटला. तिन्ही इंग्रजांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाल्याचे वाटले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवण्यात आले. कारण काय दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विषप्रयोगाचा दोष बाजूला ठेवला आणि गैरकारभार पुढे केला. राजा नीट राज्य करत नसेल तर त्याला काढता येते, असे तत्त्व इंग्रजांनी उघड उघड मांडले. ते तत्त्व लावणार कोण, तर इंग्रजच. रयतेच्या हालअपेष्टा खऱ्या होत्या, पण रयतेला विचारले गेले नाही ते नाहीच. पुण्यातल्या जाणत्या मंडळींत त्या वेळी मल्हाररावांविषयी सहानुभूती होती. ती त्यांच्या गुणांमुळे नसून या काढण्याच्या रीतीमुळे होती, असे आम्हांला वाटते.

आता गादी रिकामी. मल्हाररावांच्या संततीचा हक्क सरकारने रद्द केला होता. मल्हाररावांच्या काळात बडोदे सोडून पुण्याला गेलेल्या जमनाबाई परत आल्या आणि त्यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. मुलगा गायकवाडांच्या रक्ताचा हवा होता. शोध घेता घेता माणसे नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी पोचली. तेथे गायकवाडांची एक दूरची शाखा शेती करून राहत होती. काशीराव गायकवाडांचे मुलगे बडोद्याला आणले गेले. त्यांतल्या गोपाळचे वय १२ वर्षे. जन्म १८६३ च्या मार्चमधला.

मुलांना बडोद्याला कशासाठी आलात असे विचारले, आणि गोपाळने न अडखळता राज्य करायला आलो असे सांगितले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली आहे. गोष्ट गोड आहे. पण निवड एका धीट उत्तरावर झाली असे समजू नये. जमनाबाईंची पसंती, रक्ताचे नाते, वंशावळीची तपासणी आणि व्हाइसरॉयची मान्यता इतक्या गाळण्यांतून ते नाव खाली आले. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले. गोपाळचा सयाजीराव झाला. कवळाण्याच्या शेतावर ज्याने गुरे राखली, त्याच्यापुढे सरदार मुजरे करू लागले.

अक्षरओळख जेमतेम होती. आपल्या पाचवी-सहावीच्या वयात हा मुलगा मुळाक्षरांपासून बसला. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू अशा चार भाषा, गणित, इतिहास, शिवाय घोडा आणि तालीम. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक होते. राज्याचा कारभार तोवर दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. ते तंजावरकडचे मराठी ब्राह्मण, त्रावणकोर आणि इंदूर येथे दिवाणगिरी करून आलेले. महाराज वयात येत असताना माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली, ती पुढे मायनर हिंट्स या नावाने छापली गेली. राजाने वाड्याचा खर्च ठरलेल्या मर्यादेत ठेवावा, कायदा लहरीवर सोडू नये, आणि प्रजेचे सुख हेच आपले पहिले काम मानावे, असा त्या शिकवणीचा रोख होता. आमच्या मते त्या शिकवणीला मल्हाररावांच्या प्रकरणाची काळी किनार होती. नीट वागला नाहीस तर काय होते, याचे उदाहरण त्याच वाड्यातले, जेमतेम सहा वर्षांपूर्वीचे होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी, १८ वर्षांचे असताना, महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले. म्हणजे दत्तक आईने निवडले, रक्ताने पात्र ठरवले आणि इंग्रजांनी शिक्कामोर्तब केले. या तिन्ही आधारांत कडी, नवसारी, अमरेली किंवा बडोदे प्रांतातल्या एकाही शेतकऱ्याचा हात नव्हता. ही उणीव महाराजांना बोचत होती की नाही, हे त्यांच्या मनात शिरून सांगता येणार नाही. त्यांनी पुढे केले ते मात्र डोळ्यांसमोर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ते फिरले. तालुक्यांत जाऊन वहिवाटदारांचे दप्तर पाहिले, जमिनीच्या मोजणीचे आणि धाऱ्याच्या ठरावाचे काम सुरू केले. धारा किती द्यायचा हे आधीच ठरलेले असले की मधल्या माणसाची मनमानी कमी होते, एवढा साधा विचार त्यामागे होता. दुसरी गोष्ट पाण्याची. बडोदे शहर तोवर विहिरी आणि तळ्यांवर जगत होते, आणि पटकीची साथ आली की माणसे पटापट मरत. शहराच्या पूर्वेला आजव्याला मोठा तलाव बांधून त्याचे पाणी नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणले. काम १८९२ साली पुरे झाले आणि तलावाला सयाजी सरोवर नाव मिळाले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजही आजव्याचेच पाणी येते. पालकांनी सहलीला आजव्याला नेले तर मुलांना कारंज्यांबरोबर बांधही दाखवावा.

विक्रम संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० सालचा छप्पनिया दुष्काळ गुजरातेतले जुने लोक अजून विसरलेले नाहीत, कारण त्यांच्या आजोबांनी तो पाहिला होता. बडोदे राज्याची लोकसंख्या १८९१ साली सुमारे २४ लाख होती, ती १९०१ साली साडेएकोणीस लाखांवर आली. भूक, पटकी आणि स्थलांतर मिळून साडेचार लाख माणसे कमी झाली. महाराज स्वतः दुष्काळी भागांतून फिरले आणि जे पाहिले ते लिहून काढले. ती टिपणे १९०१ साली छापली गेली. दुष्काळी कामे निघाली, धाऱ्यात सूट मिळाली, पण इतके होऊनही ही आकडेवारी अशी आहे. चांगल्या राजाच्या राज्यातही माणसे मेली, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

त्याच साली एक विचित्र वाद झाला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी परिपत्रक काढून संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर बंधन घातले. राजाची जागा प्रजेत आहे, परवानगीशिवाय विलायतेला जाऊ नये, असा त्याचा अर्थ. महाराज त्या वेळी युरोपातच होते, आणि हे परिपत्रक मुख्यतः आपल्यालाच लागू केले आहे हे त्यांनी ओळखले. ते संतापले. प्रकृतीसाठी आणि शिकण्यासाठी ते १८८७ पासून वारंवार बाहेर जात. निद्रानाश आणि सांधेदुखी यांनी ते बेजार होते, ही गोष्ट खरी. परदेशांत पाहिलेली ग्रंथालये आणि कारखाने त्यांनी येथे आणले, तेही खरे. पण राजा वर्ष वर्ष बाहेर राहतो, ही तक्रार रयतेतही होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती. कर्झनचा हेतू हुकूम चालवण्याचा होता, म्हणून त्याने विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही.

आता शिक्षणाकडे येतो. शाळेच्या वार्तापत्रात त्याला अधिक जागा दिली तर वाचक आम्हांला क्षमा करतील. १८९३ साली महाराजांनी अमरेली तालुक्यात दहा गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. सक्तीचा हा शब्द तेव्हा लोकांना मुळीच रुचला नाही. पोर शाळेत गेले तर गुरे कोण राखील, धाकट्या भावाला कोण सांभाळील? मुलीला शाळेत घालायचे म्हणजे तर आक्रितच. न पाठवणाऱ्या पालकांना दंड होऊ लागला. गुरे राखलेला मुलगा राजा होतो आणि दुसऱ्यांच्या गुराख्यांना दंडाच्या धाकाने वर्गात बसवतो, यात काहीतरी आहे. प्रयोग तेरा वर्षे चालवून, त्यातून शिकून, १९०६ साली कायदा संपूर्ण राज्याला लावला. मुलग्यांसाठी वय ७ ते १२, मुलींसाठी ७ ते १०. हिंदुस्थानात असा कायदा त्यापूर्वी कोठेही नव्हता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली इंग्रजी मुलखासाठी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. सरकारने १९१२ साली ते विधेयक फेटाळले. गैरकारभारासाठी राजाला गादीवरून काढणारे सरकार आपल्या मुलखातल्या मुलांना शाळा द्यायला तयार नव्हते. ही तुलना त्या काळच्या लोकांच्या नजरेतून सुटली नाही, आणि महाराजांना ती हवीच होती.

शाळेत शिकलेला माणूस चार वर्षांनी अक्षर विसरतो, हे ध्यानात आल्यावर ग्रंथालये निघाली. अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ १९१० साली आणले आणि गावोगाव वाचनालये व पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये सुरू झाली. १८९० साली कलाभवन निघाले. तेथे विणकाम, रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह होता. बँक ऑफ बडोदाची स्थापना १९०८ सालची.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी राज्याने १८८० च्या दशकातच शाळा काढल्या. शाळा निघाल्या, पण शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम आले आणि त्यांनी वसतिगृहांचे काम उभे केले. हुकूम काढणे महाराजांच्या हातात होते. हुकुमाप्रमाणे माणूस वर्गात उभा करणे त्यांच्या हातात नव्हते. याचे सर्वांत जळजळीत उदाहरण आपल्या सयाजीबागेत घडले.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला महाराजांनी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली त्यांना तीन वर्षांसाठी, महिना साडेअकरा पौंड देऊन, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी. अमेरिका आणि लंडन येथे शिकून आंबेडकर १९१७ साली नोकरीवर हजर झाले. राज्याच्या पैशाने शिकलेला, राज्याने बोलावलेला अधिकारी. कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून टाकत. शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसरा मिळतो का पाहिले, तोही मिळाला नाही. रात्रीच्या गाडीला पाच तास होते. ते पाच तास त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, काढले आणि मुंबईला निघून गेले. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

बागेच्या दाराशी महाराजांचा पुतळा तेव्हा दहा वर्षांचा होता. राजाला माणूस पारखता आला, त्याच्यावर खर्च करता आला, त्याला साता समुद्रांपलीकडे पाठवता आले. पण स्वतःच्या राजधानीत त्याला एक खोली मिळवून देता आली नाही. मुंबई-पुण्याकडची मंडळी बडोद्याचे कौतुक करतात तेव्हा आपण मान डोलावतो. त्या वेळी या पाच तासांची आठवण ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते.

इंग्रजांशी महाराजांचे नाते कायम तणावाचे राहिले. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्याच्या नोकरीत होते. येथे राजद्रोही मंडळींना थारा मिळतो, असा संशय पुढे वाढत गेला. मग आला १२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार. बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी समोर बसलेले. मानाच्या क्रमाने निजामानंतर लगेच गायकवाड. तीनदा लवायचे आणि पाठ न दाखवता मागे यायचे, असा रिवाज ठरला होता. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, जडजवाहीर न घालता गेले, एकदा लवले, आणि थोडे मागे होऊन वळून चालू लागले. विलायतेतली वर्तमानपत्रे खवळली. काहींनी त्यांना गादीवरून काढण्याची भाषा केली. महाराजांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून गोंधळात चूक झाल्याचे कळवले आणि दिलगिरी व्यक्त केली.

ते मुद्दाम केले की चुकून झाले, यावर आजही दोन मते आहेत. पुष्कळांना तो ताठ कणा वाटतो आणि नंतरची माफी ते सांगत नाहीत. आम्हांला ती माफी महत्त्वाची वाटते. मल्हाररावांना काढले तो दिवस बारा वर्षांच्या मुलाने विसरला नसणार. ज्यांनी दिले ते परत घेऊ शकतात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? इंग्रजांना काढण्यासाठी गैरकारभाराचा आधार लागे, आणि तो सापडू नये इतका कारभार या राजाने नीट ठेवला होता. शाळा, पाणी, न्यायकचेऱ्या हीच त्याची तटबंदी होती, असे म्हटले तर ती कामे लहान होत नाहीत.

आणि तरीही सत्तेची दोरी त्यांनी हातातून सोडली नाही. गावपंचायती, तालुका आणि प्रांत मंडळे निघाली. १९०८ साली धारासभा स्थापन झाली. कायद्यांचे मसुदे आज्ञापत्रिकेत छापले जात, लोकांनी मत द्यावे अशी अपेक्षा असे. १९०४ साली बालविवाहाला बंदी झाली ती अशाच वाटेने. पण धारासभेत सरकारी आणि नेमलेल्या सभासदांचा भरणा होता, आणि शेवटचा शब्द महाराजांचाच. लोकांनी शिकावे, मग अधिकार द्यावेत, असा त्यांचा क्रम होता. लोक शिकले. १९०६ च्या कायद्यानंतर शाळेत गेलेली मुले १९३० नंतर कर्ती झाली आणि विचारू लागली, की आता आम्हांला वाचता येते, तर राज्य आमच्या मताने का चालू नये? बडोदे राज्य प्रजामंडळाची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. १९३८ साली भादरण येथे प्रजामंडळाच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान सरदार वल्लभभाई पटेलांकडे होते.

या मागणीला आणखी एक धार होती, आणि ती आपल्या समाजाला लागणारी होती. बहुसंख्य प्रजा गुजराती असताना अधिकाराच्या जागांवर मराठी माणसे इतकी का, असा तो प्रश्न. महाराजांनी कारभारात आणि शाळांत गुजरातीला मोठी जागा दिली होती. १९३१ साली त्यांनी श्रीसयाजी शासन कल्पतरू हा राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश तयार करवला. त्यात गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली यांतले शब्द इंग्रजी शब्दांसमोर मांडले आहेत. कारभाराची भाषा कोणा एकाच्या मालकीची नसावी, असेच जणू तो कोश सांगतो. पण शब्दकोशाने पोटातली सल जात नाही. जानेवारी १९३९ मध्ये सरदारांच्या बडोद्यातल्या मिरवणुकीच्या वेळी दंगल झाली आणि मराठी-गुजराती अशी तेढ शहरात उघड दिसली. आपल्या घरांतून हा प्रसंग फारसा सांगितला जात नाही. आम्ही तो मुद्दाम येथे नोंदवतो, कारण आज आपली मुले ज्या गल्लीत दोन्ही भाषा एका दमात बोलतात, त्याच गल्ल्यांत तो घडला होता.

महाराज तेव्हा आजारी होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अधिकार हाती आल्याला ५७ वर्षे झाली होती. थोरले पुत्र फत्तेसिंहराव १९०८ सालीच गेले होते, म्हणून गादी नातू प्रतापसिंहराव यांच्याकडे आली. १ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच सुमारास महाराजांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची संस्थानिक म्हणून मान्यता काढून घेतली आणि त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना मान्यता दिली. शहाहत्तर वर्षांत दुसऱ्यांदा एका गायकवाडांना सरकारने बाजूला केले होते.

१९५७ साली हे फत्तेसिंहराव, म्हणजे सयाजीरावांचे पणतू, लोकसभेच्या निवडणुकीला बडोद्यातून उभे राहिले. मते मागायला ते गावोगाव फिरले. मतदानाच्या रांगेत सक्तीच्या शाळांत शिकलेले पुरुष होते आणि बायकाही होत्या. लोकांनी त्यांना निवडून दिले.